जांबारचा आवाज

बिरान न्दियायच्या मोठ्या नातीला, यांदेला, शाळेत घातलं, त्याच वर्षी डाकारच्या टीव्हीवर जांबार आला. जांबार म्हणजे खेड्यातून शहरात आलेला मेंढा, कार्टूनमधला. टाय लावून कचेरीत जायचा, आणि कोणी शिंगांकडे बघितलं की घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "भाऊ, मी इथलाच."

तो आवाज बिरानचा. तीस वर्षं बसच्या दारात लोंबकळून थांब्यांची नावं ओरडल्यामुळे तसा झालेला. कार्टूनवाल्यांनी खूश होऊन ताबास्कीच्या, म्हणजे बकरी ईदच्या, सणाला त्याला खराखुरा मेंढा भेट दिला. घरातल्या कर्त्याने आपल्या हाताने कुर्बानी द्यायची. बिरानची एकाही वर्षी चुकली नव्हती. यंदा तर पहिली तंगडी मुलीच्या नव्या सासरी जायची होती.

नमाज झाली. अंगणात मेंढा आडवा केला. बिरानने सुरी घेतली आणि तो त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बिस्मिल्ला..."

"जांबार," यांदे म्हणाली, "तू त्याला का मारतोस?"

सगळी पोरं रडायला लागली.

"मनातल्या मनात म्हणा की," बायको सेनाबू कुजबुजली.

"मनातल्या मनात चालत नाही, बाई."

"मग आवाज बदला."

बिरानने आवाज बारीक केला. पण जांबारची घरमालकीण शेळी बोलायची ती याच बारीक आवाजात, कारण तीही बिरानच होता. पोरं आणखी जोरात रडली. मुलगा वर्षभर परदेशात, सुरी धरायला घरात दुसरं कोणी नाही. शेवटी सेनाबूने शेजारच्या दियोपला हाक मारली. न्दियाय आणि दियोप या कुळांनी एकमेकांची टिंगल करायची, हा वाडवडिलांपासूनचा हक्क.

"न्दियाय लोक भात चापायला पुढे, सुरी धरायला मागे," दियोप बाह्या वर सारत आला. "सरक, म्हाताऱ्या."

तो सुरी घेऊन वाकला. मेंढ्याने मान वळवून त्याच्याकडे शांतपणे बघितलं. दियोप परत सरळ उभा राहिला. तोही रोज संध्याकाळी जांबार बघायचा, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

"काय झालं?" बिरानने विचारलं.

"तू बोलू नकोस," दियोप म्हणाला. "तू बोललास की हाच बोलतोय असं वाटतं."

त्याने सुरी खाली ठेवली, घरी गेला आणि आपल्या मेंढ्याचं अर्धं मटण टोपलीत घालून आणलं. मुलीच्या सासरी तंगडी वेळेवर पोचली. विहिणीने निरोप पाठवला, "न्दियायांचा मेंढा चवीला चांगला निघाला." बिरानने तो निरोप मान खाली घालून ऐकला. दियोपने मात्र तो पुढे प्रत्येक ताबास्कीला चारचौघांत ऐकवला. दर वर्षी बिरान नवा मेंढा आणायचा, आणि सुरी दियोपच्या हातात द्यायचा.

जांबार दुसऱ्याच वर्षी बंद पडला. तो भेटीचा मेंढा मात्र गच्चीवर राहिला, जाडजूड झाला, इथलाच झाला.

यांदे सहावी पास झाली त्या वर्षी बिरान न्दियाय एका गुरुवारी दुपारी वारला. आठव्या दिवसाच्या जेवणाला दियोपने कापायला बैल आणला. गच्चीकडे कोणी बघितलं नाही. मेंढा त्यानंतर तीन महिन्यांनी म्हातारपणाने मेला.