दराचा रकाना

वसमतच्या एका तीनमजली व्यापारी संकुलाने आपली दर्शनी बाजू धुऊन घेण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. आसपास हळदीची गोदामं. नऊ वर्षांत ती पांढरी इमारत हळद लागलेल्या नवरदेवासारखी दिसू लागली होती. लखोटाबंद दर मागवण्यात आले.

अनुसयाबाईंच्या धंद्याला तेव्हा बावीस दिवस झाले होते. वय अडुसष्ट, भागीदार सून शितल, भांडवल म्हणजे अनुसयाबाईंच्या पाटल्या मोडून आणलेलं, जोरात पाणी मारणारं मशीन. पाटल्या परत हातात येणार की मनगट उघडंच राहणार, हे या पहिल्या कामावर ठरायचं होतं.

शितलने टेप लावून इमारत मोजली. नऊ हजार चौरस फूट. साबण, परांचीचं भाडं, दोघींची मजुरी, सगळं धरून तिने दराच्या रकान्यात चौपन्न हजार रुपये लिहिले आणि लखोटा सासूच्या हाती दिला.

"आत्या, नुसता देऊन या. काही बोलू नका."

बोलायची वेळ आलीच नाही. संकुलाचे व्यवस्थापक माणिकराव यांनी अनुसयाबाईंना खुर्ची दिली, चहा पाजला, गुडघ्यांची चौकशी केली.

"मावशी, आमच्या बहिणीच्या लग्नात तुमच्याच हातच्या शेवया होत्या. अजून चव हाय तोंडात."

झालं! ज्याचा चहा प्यायला, त्याच्याकडे तोंड वर करून चौपन्न हजार मागायचे? पन्नास वर्षं अनुसयाबाईंनी पापड लाटले, गोधड्या शिवल्या, दिवाळीच्या तोंडावर लोकांच्या भिंती पोतारून दिल्या; पण दर म्हणून कधी तोंडातून काढला नव्हता. "तुमीच समजून द्या," एवढंच म्हणायचं. काय माणसं होती तेव्हाची! समजूनच द्यायची. माणिकरावांच्या बहिणीच्या लग्नात दीड मण शेवयांबद्दल स्टीलचा डबा मिळाला होता. त्यावर भलत्याच नवरा-नवरीची नावं कोरलेली होती, पण डबा जाड होता.

लखोट्याला डिंक लावायचा राहिलाच होता. अनुसयाबाईंनी माणिकरावांचाच पेन मागून घेतला, आकडा खोडला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आपण समजून द्यावे.'

आठ दिवसांनी लखोटे उघडले. दराच्या रकान्यात फक्त आकडे ग्राह्य धरावेत, असा नियम होता. आकडा नसेल तिथे शून्य. सर्वांत कमी दर शून्य ठरला आणि काम अनुसयाबाईंना मिळालं.

शितल सासूला घेऊन तणतणत संकुलात गेली. "साहेब, एवढी इमारत फुकट कोण धुऊन देतं?"

"आमी तरी काय करावं?" माणिकराव गंभीरपणे म्हणाले. "शून्याच्या खाली कोणी उतरलंच न्हाई. आता नको म्हणाल तर लखोट्यासोबत भरलेली पाच हजारांची अनामत जप्त, अन् नाव काळ्या यादीत."

"आत्या, काहून खोडलं हो तुमी?"

"अगं, चहा पाजला ना त्यानं."

"मग मशीन बी चहावरच चालवू का आता?"

अकरा दिवस दोघी भिजल्या. भिंतींवरून पिवळं पाणी वाहिलं आणि आतून असा पांढरा रंग निघाला की माणिकराव स्वतःच्या संकुलासमोरून दोनदा पुढे निघून गेले. समारंभ झाला. अनुसयाबाईंना शाल, नारळ आणि 'सचोटीचा दर' असं प्रमाणपत्र मिळालं. देयक शून्य रुपयांचं निघालं. त्यावर लावायचं रेव्हेन्यू तिकीट मात्र त्यांनीच आणायचं होतं.

पुढच्या वर्षीही काम तुम्हालाच, असं पत्र आलं. अट एकच: दर यंदापेक्षा दहा टक्के कमी. माणिकरावांनी शून्यातून दहा टक्के तीन वेळा कमी करून पाहिले. उत्तर बदलेना. शेवटी नळाच्या पाण्याचे पैसे बाईंनी संकुलाला द्यावेत, असा तोडगा निघाला.

अनुसयाबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. मग वहीचं पान फाडून, आयुष्यात पहिल्यांदा, दर लिहिला आणि दारावर चिकटवला. चौरस फुटाला सहा रुपये.

ही हकिगत ऐकून लोक हळहळले. तुम्हीही हळहळलात. 'बाईनं कष्टाचे पैसे ठणकावून मागायला पाहिजेत,' असं शेजाऱ्याला म्हणालातसुद्धा. आणि काल, घराची समोरची भिंत धुवायची म्हणून तुम्ही त्यांना फोन केलात. त्यांनी दर सांगितला. तुम्ही फार मायेनं म्हणालात, "मावशी, आता तुमी बी पैसे सांगायला लागलात?"