गेनबाच्या डब्यातलं अस्सल रबर

एका जंगलात, बाळांनो, गेनबा नावाचं एक अस्वल राहत होतं आणि त्याच्याकडे व्हिडिओ गेमचा एक डबा होता. जंगलात वीज कुठून आली, असं मध्येच विचारू नका. ती यायची तशी यायची आणि जायची तशी जायची. गोष्ट ऐकायची असेल तर हुंकार द्यावा आणि गप्प बसावं.

डबा फार जुना होता. म्हाताऱ्या वाघाला अजून सगळे दात होते, तेव्हाचा. मूळचा पांढरा, पण आता म्हाताऱ्या वाघाच्या दातांसारखाच पिवळा पडलेला. त्याला दोन जॉयस्टिक होत्या आणि कॅसेट मात्र एकच.

त्या कॅसेटमधला खेळ असा. दोन माकडांना नदी ओलांडायची असते. एकाने खडकावर पाठ वाकवून उभं राहायचं. दुसऱ्याने त्या पाठीवरून पुढच्या खडकावर उडी मारायची आणि मागे वळून पहिल्याला हात द्यायचा. खाली मगर असते. एकट्याने खेळायची त्यात सोयच नव्हती.

दुसरं माकड नेहमी धोंडूचं असायचं. धोंडू म्हणजे साळिंदर, गेनबाचा लहानपणापासूनचा सोबती. तो रोज संध्याकाळी यायचा आणि काटे लागू नयेत म्हणून हातभर अंतर सोडून बसायचा. कॅसेट चालली नाही की तो ती उपसून तिच्या तोंडात फुंकर मारायचा. गेनबा म्हणायचा, "आता चालंल." आणि ती चालायची.

इतकी वर्षं खेळूनही दोघं शेवटच्या खडकावर हटकून बुडायचे. पलीकडच्या काठावर काय आहे, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

एके दिवशी धोंडूच्या जॉयस्टिकचं उडीचं बटण मेलं. दाबलं तर दबेना, दबलं तर वर येईना. धोंडूचं माकड जागच्या जागी उभं राहिलं आणि मगरीने त्याला सावकाश खाल्लं.

"आतलं रबर गेलं असंल," धोंडू म्हणाला. "टीव्हीचा जुना रिमोट पडलाय माझ्याकडं. त्यातलं रबर कापून बसवू. हाय काय नि नाय काय!"

"बसवू की," गेनबा म्हणाला.

"लवकर बसवू गड्या. दसऱ्याला मी लेकीकडं चाललो. पलीकडच्या रानात. आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, एकटा राहू नको म्हणते." धोंडूने मेलेलं बटण अंगठ्याने चाचपलं. "कायमचाच चाललोय. तेवढा पलीकडचा काठ बघून जावा म्हणतो."

धोंडूशिवायची संध्याकाळ कशी असते, हे गेनबाला ठाऊकच नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं, काही झालं तरी हा काठ गाठायचाच.

तो डबा आणि जॉयस्टिक उघडायला बाहेर उजेडात घेऊन बसला आणि तिथेच घोटाळा झाला. वाटेने मयूरराव चालले होते.

मयूरराव म्हणजे मोर. जंगलातल्या 'जुनं ते सोनं' मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी डबा पाहिला आणि त्यांचा पिसारा आपोआप फुलला.

"अहो गेनबा, हे काय करताय?"

"रबर बसवतोय जी. रिमोटातलं."

मयूररावांनी छातीवर पंख ठेवला. "रिमोटातलं? देवघरातल्या समईत बल्ब लावाल का तुम्ही? अहो, हा डबा नाही, वारसा आहे वारसा! आणि तो सांभाळायला तुमच्यासारखा जाणकार लाभलाय, हे या जंगलाचं भाग्य."

अस्वलं झाडावर चढण्यात पटाईत असतात, बाळांनो. हरभऱ्याच्या झाडावर तर ती फारच भरभर चढतात.

"मग काय करू म्हणता?" गेनबाने विचारलं. त्याचा आवाज नकळत मऊ झाला होता.

"अस्सल रबर बसवा. ज्या काळचा डबा, त्याच काळचं रबर. मग मी स्वतः डब्याला अस्सलपणाचा टिळा लावीन. दसऱ्याला तो वाघमहाराजांच्या गुहेबाहेरच्या कट्ट्यावर मांडू. खाली तुमचं नाव!"

गेनबाने आजवर आपलं नाव कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं. संध्याकाळी धोंडू रिमोटाचं रबर व्यवस्थित कापून घेऊन आला, तेव्हा गेनबा म्हणाला, "थांब जरा. अस्सल मिळतंय."

"त्यानं उडी जास्त लांब जाती का?" धोंडूने विचारलं.

"तुला नाही कळायचं ते."

धोंडूने रबर आपल्या पिशवीत ठेवलं.

अस्सल रबर सापडलं चिंगूबाईच्या बिळात. चिंगूबाई सशीण. तिच्याकडे तसाच डबा होता, तसल्याच कॅसेटचा, चांगला चालणारा. तिची पिल्लं त्यावर दिवसभर खेळायची. मयूररावांनी तिला समजावलं की हा डबा पिल्लांनी चावलेला आहे, त्यामुळे तो वारसा होऊ शकत नाही. मात्र त्यातलं रबर वारशाच्या कामी आलं तर डब्याचं सोनं होईल.

"पण पोरं रडतील हो," चिंगूबाई म्हणाली.

"रडू द्या. संस्कृती अशीच टिकते."

रबर काढलं. पोरं रडली. गेनबाला ते रडणं परतीच्या वाटेवर बराच वेळ ऐकू येत होतं, पण हातातलं रबर खरंच सुरेख होतं.

आता बटण दबू लागलं. खेळायला काहीच हरकत नव्हती. पण मयूररावांनी भिंग लावून डबा खालून पाहिला आणि त्यांना एक स्क्रू दिसला. तो सायकलचा होता. गेनबानेच कधीतरी बसवलेला. गेनबा शरमेने काळा पडला, म्हणजे होता त्याहूनही. मग चिंगूबाईच्या डब्याचे स्क्रू आणले. स्क्रू काढल्यावर तिच्या डब्याचं झाकण सुटलं, म्हणून तेही आणलं. गेनबाच्या झाकणाला एक चीर होती.

नंतर रंगाचा प्रश्न निघाला. मंडळाची सभा भरली. निम्मे सभासद म्हणाले, पिवळेपणा हा काळाचा आशीर्वाद आहे, त्याला हात लावू नका. उरलेले म्हणाले, पिवळेपणा हा डाग आहे, औषध चोपडून उन्हात ठेवा. खूप भांडण झालं, पिसं उडाली. शेवटी सर्वानुमते असं ठरलं की डबा उजव्या बाजूने पांढरा करावा आणि डाव्या बाजूने पिवळा राहू द्यावा. तसा तो केलाही.

या सगळ्या काळात धोंडू रोज यायचा. हातभर अंतर सोडून बसायचा. "झालं का?" विचारायचा. गेनबा म्हणायचा, "थोडं राहिलंय." एकदा धोंडूने सवयीने कॅसेट उचलली आणि तिच्यात फुंकर मारायला तोंड उघडलं. मयूरराव केवढ्यानं ओरडले!

"फुंकर? तोंडाच्या वाफेनं आतल्या पितळेला गंज चढतो!"

हे मात्र खरं होतं, बाळांनो. अशा लोकांची हीच तर पंचाईत असते, त्यांचं अधूनमधून बरोबर असतं.

धोंडूने कॅसेट हळूच खाली ठेवली. त्यानंतर तो आला की हात मांडीखाली घेऊन बसायचा. गेनबाला ते दिसलं. वाईटही वाटलं. पण मयूररावांसमोर काय बोलणार?

दसऱ्याच्या दिवशी डबा तयार झाला. मयूररावांनी त्याला हळदीचा टिळा लावला. कट्ट्याभोवती अख्खं जंगल जमलं. त्या गर्दीतून वाट काढत, गाठोडं घेऊन धोंडू आला.

"गेनबा, लेक न्यायला आलीय. एक डाव होईल का रं?"

गेनबाने जॉयस्टिक उचलली. कितीतरी दिवसांनी ती हातात आल्यावर त्याची बोटं आपसूक बटणांवर गेली.

"गेनबा!" मयूरराव कानाशी येऊन कुजबुजले. "दाबलंत तर झिजेल. जंगलातलं शेवटचं अस्सल रबर आहे ते. शिवाय महाराज बघतायत."

महाराज खरं तर जांभई देत होते. पण गेनबाने गर्दीकडे पाहिलं, कट्ट्यावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं आणि जॉयस्टिक जागेवर ठेवली.

"पुढच्या खेपेला खेळू, धोंडू," तो म्हणाला. "तू येशीलच की."

"बरं," धोंडू म्हणाला आणि निघाला. चिंगूबाईच्या बिळावरून जाताना त्याला दारात पडलेला डब्याचा सांगाडा दिसला. "घेऊन जा बाई," चिंगूबाई त्याच्या लेकीला म्हणाली. "पोरं त्याच्याकडं बघून रोज रडतात."

पुढे गेनबाचं फार नाव झालं. लांबलांबचे प्राणी डबा पाहायला येत. गेनबा त्यांना रबर दाखवी, स्क्रू दाखवी, पांढरी बाजू आणि पिवळी बाजू समजावून सांगी. संध्याकाळी मात्र तो हातभर जागा सोडून बसायचा आणि त्या जागेकडे बघत राहायचा.

शेवटी त्याला राहवेना. एक दिवस तो पलीकडच्या रानात गेला.

धोंडू अंगणात बसला होता. शेजारी नात होती. समोर तो सांगाडा होता. झाकण म्हणून नारळाची करवंटी वेलीने बांधलेली आणि बटणाखाली रिमोटाचं रबर. पडद्यावर दोन माकडं उड्या मारत होती.

"आलास? बस, बस!" धोंडूला इतका आनंद झाला की त्याचे सगळे काटे उभे राहिले. "अरे, पलीकडचा काठ गाठला आम्ही!"

गेनबाने घाईघाईने विचारलं, "काय आहे तिथं?"

"काय न्हाई रं. एक झाड हाय. त्याच्याखाली दोघं माकडं बसतात, एवढंच." धोंडू हसला. "पण बघायला बरं वाटतं. ये, तुला दाखवतो. ती जॉयस्टिक घे."

नातीने जागा करून दिली. धोंडूने कॅसेट काढून फुंकर मारली. गेनबाकडून नेहमीचं "आता चालंल" ऐकू येईल म्हणून तो थोडा थांबला. काही आलं नाही, तेव्हा त्याने कॅसेट बसवली.

धोंडूच्या माकडाने खडकावर पाठ वाकवली.

गेनबाने जॉयस्टिक हातात घेतली, उलटी केली आणि डोळ्याजवळ नेली.

"धोंडू," तो म्हणाला, "हे स्क्रू कुठले रे?"

तेवढ्यात मगर आली. तिने दोन्ही माकडं खाल्ली.

"आजोबा," नात म्हणाली, "यांना खेळता येत नाही."

तात्पर्य : बाळांनो, बटणं वापरली की झिजतात. मित्र न वापरता झिजतात. तेव्हा जपून काय ठेवायचं, हे तुमच्यासारख्या हुशार मुलांना वेगळं सांगायला नकोच. बटणं.