घरात कोणी राहत नाही

"तुमच्या घरात कोणी राहत नाही," वीज कार्यालयात काचेपलीकडच्या बाई म्हणाल्या.

घड्याळजींनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, म्हणजे बाई आपल्याशीच बोलत होत्या. "मी राहतो की."

"तसं मीटरला वाटत नाही."

"अहो, मी, माझी बायको आणि आई. आईला थंडीत खोकला होतो. म्हणून तर वीजबिलाच्या मदतीसाठी अर्ज केलाय."

"अर्ज दिसतोय. वापर दिसत नाही. एवढ्याशा विजेत माणसं राहतातच कशी? ही मदत राहत्या घरांसाठी आहे. बंद घरांसाठी नाही."

बाईंचं काही चुकत नव्हतं. घड्याळजींचं घर चालायचंच तसं. घड्याळं दुरुस्त करून घ्यायला हल्ली माणसं येत नसत; फोनवर वेळ फुकट दिसत असताना घड्याळाला कोण विचारतो? त्यामुळे घड्याळजींनी हळूहळू विजेशिवाय जगायची कला साधली होती. कामाचं टेबल सकाळी पूर्वेच्या खिडकीत असायचं आणि दुपारनंतर पश्चिमेच्या. जेवणं उजेडातच उरकायची. झोपताना तर ते मेन स्विचच पाडायचे, कारण बंद दिवासुद्धा गुपचूप थोडी वीज पीत असणार असा त्यांना दाट संशय होता. आईचा हीटर खाटेखाली पोत्यात गुंडाळून ठेवला होता. मागची थंडी आईने खोकत काढली होती, आणि पलीकडच्या खोलीत घड्याळजींनी तो खोकला ऐकत काढली होती. दोघांपैकी जास्त त्रास कुणाला झाला हे सांगणं कठीण आहे.

"एक करते," बाई जरा निवळल्या. "या आठवड्यात आमचा तपासनीस पाठवते. दिवे लागल्यानंतर येईल कधीतरी. घरात माणसं राहतात असं त्याला दिसलं की झालं. नाही दिसलं, तर मग पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी! म्हणजे आईची आणखी एक थंडी खोकत.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हणजे आता दिवे लावायचे?"

"हो."

"सगळे?"

"राहतो असं दिसायला पाहिजे ना."

"लग्न झाल्यापासून मी दुसरं काय म्हणतेय?" असं म्हणून ती उठली आणि हातासरशी घरातले सगळे दिवे लावून आली. मग हीटर पोत्यातून निघाला. त्याची धूळ जळल्याचा वास घरभर पसरला आणि आई खाटेवर उठून बसली. "कुणाकडे लग्न आहे का रे?" तिने विचारलं.

एवढा उजेड पाहून पहिल्यांदा वरच्या मजल्यावरचे बसड्रायव्हर घाबरून खाली आले. त्यांना वाटलं, कोणीतरी गेलं. सगळे जिवंत आहेत हे कळल्यावर ते हीटरपाशी जरा टेकले, आणि टेकले ते टेकलेच. दुसऱ्या संध्याकाळी ते बायकोला घेऊन आले. समोरची शिवणवाली मावशी हातशिलाईचं काम घेऊन आली. तिच्या घरी दिव्याखाली सुई ओवता येत नव्हती, कारण दिवा नव्हता. मग कोणी इस्त्री आणली, कोणी फोन चार्जिंगला आणले. घड्याळजींचे हात नुसते शिवशिवत होते. ते उठून एखाद्या बटणाकडे निघाले की बायको डोळे वटारायची आणि ते पाणी प्यायचं निमित्त करून परत फिरायचे. त्या आठवड्यात ते फार पाणी प्यायले.

"एवढी माणसं कशाला?" त्यांनी बायकोला कोपऱ्यात घेऊन विचारलं.

"माणसं दिसायला हवीत म्हणालात ना? मग दिसू देत की."

आईची मात्र चंगळ होती. अंगात ऊब होती, भोवती गप्पा होत्या. ड्रायव्हरच्या बायकोला ती आपल्या माहेरच्या गोष्टी सांगायची, आणि त्या नादात खोकायचं राहून गेलंय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या इमारतीत विजेची थकबाकी एकट्या घड्याळजींची नव्हती, सगळ्यांचीच होती. त्यामुळे वसुलीवाल्यासाठी सगळ्यांनी मिळून एक पद्धत बसवली होती. तळमजल्यावरची आजी सकाळपासून रात्रीपर्यंत खिडकीत बसलेली असायची. वीज कार्यालयाची निळी बॅग फाटकातून आत येताना दिसली, की आजी जिन्यातल्या पाण्याच्या पाइपवर उलथनं वाजवायची. तो आवाज थेट गच्चीपर्यंत जायचा, आणि क्षणात अख्खी इमारत निर्मनुष्य व्हायची. दिवे बंद, रेडिओ बंद, श्वासही बेताचे. वसुलीवाला दारं ठोठावून ठोठावून निघून जायचा.

फक्त घड्याळजींच्या घरी घोटाळा व्हायचा. ऐन शांततेत आईला खोकला यायचा. मग वसुलीवाला ओरडायचा, "आत कोणी आहे का?" आणि आता लपण्यात अर्थ नाही हे ओळखून आई ठणकावून सांगायची, "कोणी नाही घरात!" मुलगा आणि सून कपाळावर हात मारून घ्यायचे.

तर आठवडा संपता संपता एका संध्याकाळी खोली गच्च भरलेली होती. इस्त्रीची वाफ निघत होती, ड्रायव्हर कुठल्यातरी प्रवाशाची नक्कल करत होते, आणि तेवढ्यात पाइप वाजला.

टण्, टण्, टण्.

पुढे काय झालं ते कोणी ठरवून केलं नाही. ड्रायव्हर वाक्याच्या मध्येच थांबले. मावशीने सुई दातात धरली. आणि घड्याळजींचा हात, जो आठवडाभर आसुसला होता, सरळ मेन स्विचवर जाऊन पडला.

मिट्ट काळोख झाला. एवढी माणसं एका खोलीत होती, पण टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

दारावर थाप पडली. कोणी हललं नाही. पुन्हा थाप पडली. मग बाहेर कोणीतरी फोनवर बोलू लागलं.

"बाई, मी तपासणीला आलोय. हो, त्या घड्याळवाल्यांकडे. तुम्ही म्हणालात तेच खरं दिसतंय, घर बंदच आहे. काळोख आहे नुसता. लिहून टाकू तसं?"

हा वसुलीवाला नव्हताच. कार्यालय तेच होतं, बॅगही तीच होती. आजी बिचारी बॅग ओळखायची, आतले कागद नव्हे.

"उघडा ना दार," बायको कुजबुजली.

"उघडून काय सांगू? एवढी माणसं अंधारात गप्प का बसलो होतो ते?" घड्याळजी म्हणाले. मग त्यांना एकदम सुचलं. खोकला! खोकला काही कोणी मुद्दाम काढत नाही. आईला खोकला आला की तपासनीसाला आपोआप कळेल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. ते अंधारात चाचपडत, कुणाच्या तरी पायावर पाय देत खाटेपाशी गेले.

"आई, खोक."

"काय?"

"खोक ना जरा. मोठ्याने."

आईने मनापासून प्रयत्न केला. घसा खाकरून पाहिला, छातीवर हात ठेवून पाहिला. "येत नाही रे," ती हळूच म्हणाली. "मला बरं वाटतंय."

एरवी हे ऐकून घड्याळजींना आनंद झाला असता. आत्ताही झाला, पण त्याला ही काही वेळ नव्हती. अंधारातून ड्रायव्हर मदतीला धावले. त्यांनी दोनदा खोकून दाखवलं. तो खोकला आईचा तर नव्हेच, कुठल्याच माणसाचा वाटत नव्हता.

बाहेरची पावलं थबकली. "आत कोणी आहे का?"

आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, खणखणीत आवाजात, आईने उत्तर दिलं, "कोणी नाही घरात!"

बाहेर त्याने फोन ठेवला.

"बरं," बाहेरून तपासनीस म्हणाला. "मग जरा दिवा तेवढा लावा. इथं जिन्यात मला लिहायला दिसत नाही."

घड्याळजींनी मेन चढवला. सगळे दिवे एकदम लागले, हीटर लाल होऊ लागला आणि दार उघडलं. तपासनीसाने दातात सुई धरलेली मावशी पाहिली, हातात इस्त्री धरून उभी असलेली बाई पाहिली, अजून गाल फुगवून बसलेले ड्रायव्हर पाहिले.

"हे सगळे इथेच राहतात?"

"संध्याकाळचे," घड्याळजींची बायको म्हणाली.

बॅगेतून अर्ज काढून त्याने वाचला. "आजींना सतत खोकला असतो, असं लिहिलंय इथं." सगळे आईकडे पाहू लागले. गोरामोरा चेहरा करून आईने पुन्हा एकदा खोकून पाहिलं. जमलं नाही.

"होता हो," घड्याळजी म्हणाले. "खोटं नाही लिहिलं. हीटर लावला आणि गेला."

तपासनीसाने हीटरकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"मग लावलेलाच ठेवा," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

तो जिना उतरू लागला. घड्याळजींचा हात सवयीने मेन स्विचकडे गेला होता. तो त्यांनी तसाच वळवला आणि हीटरपुढे धरला.