मोकळ्या प्लॉटातली जमुना

"एक अर्ज, खुशालभाऊ! फक्त एक अर्ज! ही बिल्डिंग कागदावरच आडवी नाही केली, तर नावाची पंचफुला तायडे नाही!"

पंचफुलाबाईंनी गल्लीतल्या पाचही घरांसमोर हे जाहीर केलं, तेव्हा अमरावतीचं ऊन माणसाला पापडासारखं भाजू लागलं होतं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. अचलपूरकडच्या कितीतरी गावांत त्यांनी पोरांसमोर भुतं पकडून दाखवली होती. कुठं वटवाघूळ निघालं, कुठं सुटलेला पत्रा. बाईंपुढं खरं भूत आलं असतं, तर त्यालाही आधी हजेरी द्यावी लागली असती!

त्यांच्या घराला लागून असलेल्या मोकळ्या प्लॉटवर फलक लागला होता : नियोजित व्यापारी संकुल, चार मजले, खाली तळघर. गल्लीची झोपच उडाली. तळघर खणलं की भिंतींना तडे जाणार, बोअरचं पाणी पळणार, गिऱ्हाइकांच्या गाड्या दारात लागणार. "अन् वरतून सारे आपल्या आंगनात पाह्यतीन, मंग मी कुरडया कुठं घालू?" असं खुशालराव गावंडेंच्या रुख्मिणीवहिनींनी विचारलं. बाईंनी तेही हरकत क्रमांक बारा म्हणून लिहून घेतलं, अर्ज महानगरपालिकेत दिला, शिक्क्यासकट पोच घेतली. सुनावणी तीन आठवड्यांनी.

चौथ्याच दिवशी माती तपासायचं मशीन आलं. सोबत अनुप नावाचा इंजिनिअर, डोक्यावर पिवळं हेल्मेट. दुपारी तो बाईंच्या फाटकाशी पाणी मागायला आला.

"मॅडम, इथं पहिले काय होतं? जमीन भसकन खाली जाऊन राहिली."

"विहीर होती. खुशालभाऊंची जमुना त्याच्यातच गेली ना."

"गेली म्हणजे?"

"पडली बिचारी, भर दुपारी. काढता नाही आली. मंग तशीच वरतून माती लोटली."

जमुना ही खुशालरावांच्या वडिलांची म्हैस! पण तेवढं सांगायच्या आत घरातल्या कुकरनं शिट्टी मारली आणि बाई आत धावल्या. परत येऊन पाहतात तो फाटकावर अर्धा भरलेला गिलास होता, इंजिनिअर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मजूर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी, जमिनीत अर्धवट उतरवलेल्या लोखंडी पाइपाशी लिंबू, नारळ आणि डझनभर हिरव्या बांगड्या दिसल्या.

खुशालराव नाचतच आले. "मॅडम! काम बंद! काय जादू केली हो?"

बाईंनी घडलं ते सांगितलं. खुशालराव इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. "आता म्हैस म्हणून कोणाले सांगसान तर खबरदार!"

"भाऊ, हे खोटं होते."

"तुमी खोटं बोलल्याच कुठं? बोलनं पुरं नाही केलं, एवढंच!"

बाईंना हे पटलं नाही. उद्या सांगू, असं ठरवून त्या झोपल्या. आठ दिवस झाले, तरी तो उद्या काही उगवला नाही.

मग आवाज सुरू झाला.

मे महिन्याची दुपार. एक वाजला की वऱ्हाडात शहरसुद्धा मेल्यासारखं पडतं. रस्त्यावर कुत्रं नाही, झाडावर पाखरू नाही, आणि ऊन इतकं पांढरं की डोळे मिटले तरी दिसतं. अशात त्या प्लॉटातून आवाज आला. "हूंऽऽऽ..." आधी हळू, मग लांब. कोणीतरी खोल खालून, तोंडावर हात ठेवून हुंदका द्यावा तसा. थांबला. पुन्हा आला. रुख्मिणीवहिनींनी धाडकन दार लावलं. कोपऱ्यावरच्या घरातले भाडेकरू त्याच आठवड्यात खोली सोडून गेले.

बाई मात्र छत्री घेऊन निघाल्या! पाइपाजवळ गेल्या. पायाखालची माती पोकळ वाजत होती. उन्हानं बांगड्या तापून तडकत होत्या, टिच्, टिच्. गरम वाऱ्याची एक झुळूक आली आणि पाइप गुरगुरला. बाईंच्या मानेवर काटा उभा राहिला, पण डोकं ठिकाणावर होतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की आवाज येतो, हा सातवीचा प्रयोग! त्यांनी घरून स्टीलची ताटली आणून पाइपावर ठेवली. आवाज बंद. काढली. आवाज सुरू.

"निघाली पाहा जमुना!" बाई स्वतःशीच हसल्या आणि ताटली पुन्हा ठेवायला वाकल्या. तेवढ्यात समोरची आपल्या घराची भिंत दिसली. बाईंच्या नवऱ्यानं, श्रावणरावांनी, बांधकामाच्या वेळी एकवीस दिवस स्वतः पाणी मारून ती पक्की केली होती. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तळघर खणलं तर पहिला तडा हिलाच.

बाईंनी ताटली काखेत मारली आणि गुपचूप घरी आल्या. पाइप उघडाच राहिला. जन्मातली पहिली कॉपी!

सुनावणीच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. बिल्डर कुलदीपशेठ रुमालानं कपाळ पुसत होते. मजूर मिळेनात, गाळे बुक करणारे पळाले. अजून एक धक्का बसला असता, तर ते जागेवरच प्लॉट सोडून देणार होते.

"तायडे मॅडम," अधिकाऱ्यांनी विचारलं, "त्या जागेत बाईचा जीव गेला म्हणतात. खरं काय?"

खुशालरावांनी बाईंचा पदर हळूच ओढला. "चूप राहा. नुसतं चूप राहा."

पण मागून प्रणाली उठली. बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच गल्लीत सून म्हणून आलेली. "मॅडम, माही पोरगी दुपारी एकटी मोरीतही जात नाही. आमाले तर तुमीच शिकोलं, भूत नसते म्हणून. आता तुमीच सांगा. तुमी सांगसान ते खरं."

बाईंनी एकदा खुशालरावांकडं पाहिलं, एकदा प्रणालीकडं. मग त्या उभ्या राहिल्या आणि खणखणीत प्रमाण मराठीत म्हणाल्या, "जमुना ही म्हैस होती! आवाज पाइपातल्या हवेचा आहे. त्या जागेत भूत नाही, दोष नाही. जागा पूर्णपणे निर्धोक आहे!"

कारकुनानं टकटक टाइप केलं आणि कागद पुढं सरकवला. बाईंनी चष्मा लावला. "हरकतदारांच्या मते जागा निर्दोष व निर्धोक आहे. सबब हरकती निकाली."

"अहो, अन् माह्या बारा हरकती?"

"मॅडम, निर्धोक तुमीच म्हटली ना? मंग हरकत कायची राह्यली?"

बांधकामाला परवानगी मिळाली. कुलदीपशेठनी बाईंच्या घरी पेढे पाठवले! गल्लीत त्यांच्याशी कोणी बोलेना. रुख्मिणीवहिनी तर त्यांना पाहून वाळत घातलेल्या कुरडयासुद्धा आत नेऊ लागल्या.

आठवड्याभरात अनुप आणि त्याची माणसं परतली. बाईंनी समोर उभं राहून पाइप कापून घेतला, भोकात काँक्रीट ओतून घेतलं, वरून स्वतः थापी मारली. "आता आला का आवाज?"

"नाही मॅडम," अनुप ओशाळून हसला.

दुसऱ्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी आवाज आला.

वारा नव्हता. पाइप नव्हता. सुकलेल्या काँक्रीटच्या खालून, अगदी सावकाश, "हूंऽऽऽ..." मजुरांच्या हातातली फावडी तशीच राहिली. अनुपचं हेल्मेट प्लॉटात सापडलं, अनुप बसस्टँडवर! पुढच्या सोमवारी फलक उतरला.

खुशालराव स्वतः पुरणपोळी घेऊन आले. "मॅडम, मानलं तुमाले! सभेत खरं बोलल्या अन् मागून हे! कसा काढला हो आवाज?"

"मी नाही काढला, भाऊ."

"हाव, हाव!" खुशालरावांनी डोळा मारला.

 हवेचं प्रसरण, जमिनीतली पोकळी, सगळं बाईंनी वहीत मांडून पाहिलंय. पण हल्ली दुपारी एकच्या आत त्या प्लॉटाकडची खिडकी लावून घेतात. कोणी विचारलं तर म्हणतात, ऊन येतं.

खिडकी उत्तरेकडं आहे.