अकरा सेकंदांचा सूर आणि स्टीलचा डबा

या रविवारी घोळ होणं शक्यच नव्हतं. सुरुचीने फ्रिजवर तसा तक्ताच लावला होता. दहाला गळा तापवायचा, सव्वादहाला रेकॉर्डिंग, बाराच्या आत अपलोड. सहा वर्षं संगीत कॉलेजात घासून, कोम्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवर अर्धवेळ राबून ती इथवर आली होती. एका ऑपेरा मंडळीत उमेदवारीच्या चार जागा होत्या आणि वयाची अट पंचवीस. पुढच्या महिन्यात ती सव्वीस वर्षांची होणार होती. म्हणजे हीच संधी, आणि शेवटची.

अट आणखी एक. अखंड चित्रीकरण, काटछाट नाही, गायिका डोक्यापासून पायापर्यंत दिसली पाहिजे.

जपानमधल्या निशी-कसाईच्या त्या फ्लॅटमध्ये एवढी लांब जागा एकच. कॅमेरा स्वयंपाकघरात, सुरुची बाहेरच्या दाराला पाठ करून. स्टुडिओ महिनाभर भरलेले, कराओकेच्या खोलीत शेजारच्यांचं गाणं भिंतीतून येतं.

तक्त्यात एकच गोष्ट राहून गेली होती. आई.

मंजुषाताईंनी शनिवारीच शेजारच्या शिमिझुआजींची आगाऊ माफी मागितली होती. उद्या आवाजाचा त्रास होईल, सांभाळून घ्या. इथपर्यंत रीत जपानी. पण माफीबरोबर त्यांनी स्टीलच्या डब्यातून बेसनाचे लाडू दिले.

टेक एक. तिसरी ओळ. बेल. दारात शिमिझुआजी, हातात लख्ख धुतलेला डबा, आत तांदळाच्या खारट चकत्या. आलेल्या भेटीची परतफेड झाल्याशिवाय आजींना झोप लागत नाही.

टेक दोन. मध्यावर बेल. तोच डबा, आत संत्री.

"आई, तू पुन्हा काही दिलंस?"

"चिवडा. थोडासाच."

"डबा आपलाच आहे ना? ठेवून घ्यायचा की!"

"त्यांनी भरून दिला, सुरू. आपण काय नुसतं गिळून बसायचं?"

टेक तीन. शंकरपाळे गेले होते, मुळ्याचं लोणचं आलं. दोन बायका, दोन देश, माघार कुणीच घेईना.

टेक चार. बेल वाजलीच नाही. पण ती आता वाजेल, मग वाजेल, या धास्तीत सुरुचीच दुसरं कडवं विसरली.

अकरा अठ्ठेचाळीस. तिने आईला सोफ्यावर बसवलं, हलायचं नाही अशी शपथ घातली. तेव्हा मंजुषाताई हळूच म्हणाल्या की मघाशी करंज्या गेल्यात.

टेक पाच. सगळं सुरळीत. शेवटचा अकरा सेकंदांचा उंच सूर लागला आणि,

बेल.

सुरुची थांबली नाही. सूर तसाच धरून ती वळली, एक हात पोटावर, दुसऱ्याने दार उघडलं, डबा घेतला, वाकली, पायाने दार लोटलं, पुन्हा कॅमेऱ्यासमोर आली आणि मग सूर सोडला.

अपलोड, अकरा एकोणसाठ. त्यानंतर ती जमिनीवर बसून डब्यातला मोची, तांदळाच्या पिठाचा तो मऊ गोड गोळा, खात रडली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. निवड झाली होती. श्वासावरचा ताबा विशेष उल्लेखनीय, असं परीक्षकांनी लिहिलं होतं. खाली एकच सूचना होती. कोणी काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्यावं.

"मी लहानपणापासून हेच सांगतेय," मंजुषाताई म्हणाल्या आणि वरच्या फळीवरचा बेसनाचा डबा काढायला स्टुलावर चढल्या. "परीक्षक किती जण होते गं?"