डोंगराच्या फोटोतली केशरी पिशवी

भिंतीवर फोटो लावून झाला तेव्हा जावईबापू चार पावलं मागे सरले आणि मान तिरकी करून आपल्याच कामाकडे बघत राहिले. विमा कार्यालयात दिवसभर दुसऱ्यांचे अपघात तपासणाऱ्या या गृहस्थांना बायकोच्या माहेरचे सगळे जावईबापू म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. गेल्या महिन्यात सगळे मिळून डोंगरावर फिरायला गेले होते, तिथला हा फोटो. मूळचा अगदीच फिका, धुरकट. पण जावईबापूंनी नुकताच आठ रविवारांचा फोटो सुधारण्याचा वर्ग पुरा केला होता. त्यांनी वरचं रिकामं आभाळ कापलं, उजवीकडचा विजेचा खांब कापला, गवताला हिरवा रंग चढवला, दरीत निळसर सावली भरली. आता तो फोटो सोफ्याच्या रुंदीचा होऊन दिवाणखान्यात मिरवत होता.

तो बघायला बायकोच्या मावशींना मुद्दाम बोलावलं होतं. बायको चार वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून मावशींनीच तिला वाढवलं. त्यामुळे या घरात सासूचा मान त्यांचा. साडेतीन महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेही पोटच्या मुलीच्या दवाखान्यात. मुलगी हाडांची डॉक्टर, दवाखान्यामुळे डोंगरावर न आलेली.

“छान आहे हो,” मावशी म्हणाल्या आणि चहाकडे वळल्या.

एवढ्याशा कौतुकावर जावईबापूंचं भागेना. त्यांनी लॅपटॉप उघडला. “आधीचा बघा, म्हणजे फरक कळेल. इथे सुळक्यावर कुणीतरी केशरी प्लास्टिकची पिशवी टाकली होती. सगळ्या फोटोची शोभा घालवली होती मेलीनं. मी ती अशी पुसली की मागमूस राहिला नाही.” आणि त्यांनी ती पिशवी मोठी करून दाखवली.

बायको चष्मा लावून पुढे झाली. “पिशवीच्या हातात काठी कशी?”

जावईबापूंनी आणखी मोठं केलं. पिशवीला दोन पाय होते. पांढरा अंबाडा होता. आणि अंगात जो केशरी स्वेटर होता, तोच या क्षणी त्यांच्या सोफ्यावर बसून चहा पीत होता.

जावईबापूंनी लॅपटॉपवरून मान वर केली. “तुम्ही तर पायथ्याच्या बाकावर बसला होतात,” ते कसंबसं म्हणाले.

“बसले होते. मग उठले.” मावशींनी कप बशीत ठेवला. “राहू दे ना आता. नाही मी फोटोत, तर नाही. उलट बरंच झालं.”

बायकोने नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. “‘राहू दे’ म्हणाली ती. तिला फार लागलं की ती असंच म्हणते. मला वाढवणारी बाई, ऑपरेशन झालेल्या पायानं एवढ्या उंच चढली, तुम्हाला दिसावं म्हणून काठी हलवत उभी राहिली, आणि तुम्ही तिला कचरा समजून पुसलंत.”

बायकोने हे दुःख भावाला फोनवर सांगितलं. भावाने ते काकांना सांगितलं. काकांना ऐकू जरा कमी येतं, पण सांगायची हौस दांडगी. दुसऱ्या दिवशी दुपारी जावईबापूंच्या ऑफिसात कुणा लांबच्या मेव्हण्याचा फोन आला.

“दाजी, आत्ताच कळलं. कधी गेल्या मावशी?”

“गेल्या नाहीत हो. फक्त फोटोतून गेल्यात.”

पलीकडून हुंदका ऐकू आला आणि फोन बंद झाला.

जावईबापूंनी तीन दिवसांची रजा टाकली आणि मावशींना सुळक्यावर परत आणायला बसले. बायको खुर्चीमागे उभी.

“अजून मोठी करा. दिसली पाहिजे.”

“अगं, डोंगर झाकला जातोय.”

“झाकू दे. डोंगरानं वाढवलं नाही मला.”

अखेर नवा फोटो भिंतीवर चढला. त्यात मावशी झाडाएवढ्या होत्या आणि स्वेटर तर दिवा लावल्यासारखा उजळला होता. रविवारी मावशींना पुन्हा बोलावलं. त्या आत आल्या, फोटोकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“उतरवा तो,” त्या म्हणाल्या. “निदान भिंतीकडे तोंड करून ठेवा.”

“बघा,” बायकोचे डोळे भरून आले, “अजून राग गेला नाही तिचा.”

तेवढ्यात बेल वाजली. दारात मावशींची डॉक्टर मुलगी उभी होती, धापा टाकत. कालपासून सात जणांनी तिचं सांत्वन केलं होतं आणि आई फोन उचलत नव्हती. आईला धडधाकट बघून ती मटकन सोफ्यावर बसली, पाणी प्यायली, आणि मग तिची नजर भिंतीवर गेली.

“हे कुठलं?”

“डोंगराच्या सुळक्यावरचं,” जावईबापूंनी सांगितलं.

“आई, मी काय बजावलं होतं? सहा महिने जिना चढायचा नाही.”

“तिथे जिना नाहीच आहे,” मावशी म्हणाल्या.

जावईबापूंना आत्ता उलगडा झाला. मावशी खरोखरच खूश होत्या त्या पहिल्या फोटोवर. अनवधानाने त्यांनी मावशींचं गुपित जपलं होतं, आणि मग तीन दिवस रजा काढून, रंग चढवून, ते भिंतीवर टांगलं होतं.

डॉक्टरबाई उठून फोटोजवळ गेल्या. मावशींच्या डाव्या गुडघ्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

“दाजी, हा गुडघा खराच एवढा वाकलाय? तुम्ही काही केलं नाही ना?”

“गुडघ्याला हात लावला नाही. फक्त स्वेटर उजळला.”

“ऑपरेशननंतर अडीच महिन्यांत एवढा वाकतोय, कमालच,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग वळल्या. “हा फोटो माझ्या दवाखान्यात लावायला द्याल? चांगला भिंतभर.”

जावईबापूंचा कानांवर विश्वास बसेना. त्यांचा फोटो, चार लोकांच्या नजरेसमोर, भिंतभर. “देतो की. उद्याच देतो.”

“फक्त आईच्या मागचं ते सगळं काढून टाका. डोंगर, दरी, झाडं. पेशंटचं लक्ष उगाच तिकडे जाईल. नुसतं पांढरं ठेवा.”

जावईबापूंनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत समाधानाने मान हलवत होती.

“मग आता जिना चढले तर चालेल?” मावशींनी धीर करून विचारलं.

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

जावईबापूंनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि आधी दरी पुसायला घेतली.