गुल्लूचं घमेलं

ससा घरात घ्यायचा माझा अजिबात विचार नव्हता. (घेतला मीच, पण विचार न करता.) पाच वर्षं तो अंगणातल्या खुराड्यात सुखानं राहत होता. नात रुचिका नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, तेव्हा जाताजाता म्हणाली, "आबाजी, गुल्लूले सांभाळजा बरं." मी म्हणालो, "अवं, मी बैल सांभाळले. सशाचं काय!" त्याच आठवड्यात मुंगसानं खुराड्याची जाळी उचकटली. म्हटलं, एक दिवस घरात राहू दे. एवढंच.

त्या एका दिवसात गुल्लूनं देवघरापासून दारापर्यंत लेंड्यांची रांगोळी काढली. तीही पोरानं बसवून दिलेल्या नव्याकोऱ्या पांढऱ्या फरशीवर.

माझी बायको रत्नमाला त्या फरशीला जीव लावून आहे. तिचंही खरं आहे. चाळीस वर्षं तिनं शेणानं घर सारवलं, कमरेचा काटा ढिला झाला. मला विचाराल तर सारवलेली जमीनच बरी. उन्हाळ्यात पाठ टेकली की थंडगार. पाणी सांडलं तर पिऊन टाकायची, तक्रार करायची नाही. ही फरशी सगळ्याचा बोभाटा करते, माझ्या तंबाखू-सुपारीच्या खर्‍याच्या पिचकारीचाही.

रत्नमाला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आठ दिवस. त्याच्यात शिकला तर ठीक. नाही तर टोपलीत घाला अन् मोहाडीच्या बाजारात इकून या."

बाजाराचं नाव काढलं आणि मला आमचा चांद्या बैल आठवला. ट्रॅक्टर आला त्या वर्षी त्याला मीच मोहाडीच्या बाजारात नेलं होतं. दोर दुसऱ्याच्या हातात दिला आणि घुंगरमाळ काढून घेतली. परत येताना सगळा रस्ता ती माझ्या हातात वाजत होती. पुन्हा कोणतंही जनावर बाजारात न्यायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं. रत्नमालाला मात्र हे कधी सांगितलं नाही. (ती म्हणाली असती, ससा आहे तो, बैल नाही.)

रुचिकाला फोन लावला.

"आबाजी, सोपं आहे. घमेल्यात धानाचा कोंडा टाका, वरून तणस. त्याच्या लेंड्या वेचून त्याच्यातच ठेवा. मंग त्याले समजते, ही आपली जागा."

"स्वतःची घाण पाहून कोणाले आनंद होते वं?"

"होते आबाजी. अन् तो जिथं जाते ना, तिथंच घमेलं ठेवा. तुमच्या मनानं नोका ठेवू."

आता मी चौथीत शाळा सोडली असली तरी घर माझं आहे. कोणी कुठं जायचं हे ससा ठरवणार? मी घमेलं मागच्या न्हाणीत ठेवलं. गुल्लूला उचलून त्यात बसवलं की तो माझ्याकडे एखाद्या साहेबासारखा बघायचा, उतरायचा आणि थेट माझ्या खाटेखाली जाऊन मोकळा व्हायचा. सहा दिवस हेच चाललं.

शेवटी मला बैलाची आठवण आली. चिखलणी करताना बैल भाताच्या बांधीत मधेच थांबला की आपण हळू शीळ घालायची. मग तो मोकळा होतो. चांद्या तर माझ्या शिळेशिवाय करतच नव्हता. मी गुल्लूला घमेल्यात बसवलं, समोर उकिडवा बसलो आणि तीच जुनी लांब शीळ घातली. इतक्या वर्षांनीही बरोबर वाजली. गुल्लूनं पाय आपटला आणि पळाला. आणि दारात रत्नमाला.

"कोणाले शिट्टी मारून राहिले या वयात?"

"सशाले."

"अन् कुंपणापलीकडून गोदावरीबाई पाणी घेऊन चालली, ते काय ससा आहे?"

"अवं, मी मुतवून राहिलो होतो!"

"गोदावरीबाईले?"

त्या दिवशी माझ्या ताटात भाजी आली नाही.

सातव्या दिवशी दुपारी मी हरलो. घमेलं लाथेनं ढकलत खाटेखाली नेलं आणि वर आडवा पडलो. थोड्या वेळानं खालून तणस चावल्याचा आवाज आला. करकर, करकर. आमचा गुरांचा कोठा आणि घर यांच्यामध्ये पूर्वी एकच मातीची भिंत होती. पलीकडे चांद्या चारा चावायचा आणि त्या आवाजावर मी झोपायचो. चांद्या गेल्यापासून मला नीट झोप येत नव्हती, त्याचं कारण त्या दुपारी समजलं. असा झोपलो की चहालाही उठलो नाही.

आठवा दिवस उजाडला. रत्नमालानं सकाळीच टोपली दारात काढून ठेवली. मी घरभर राहिलेल्या लेंड्या वेचत होतो. एकेका लेंडीसाठी घमेल्यापर्यंत जायचं तर माझे गुडघे शिव्या देतात. म्हणून खर्‍याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पन्नीत गोळा केल्या आणि पन्नी खिशात ठेवली.

तेवढ्यात मारोतराव आला. हा माझा लहानपणापासूनचा दोस्त. आमच्याकडे दोस्ताला कोणी खर्रा मागत नाही. खिशात हात घालतात.

"मारोतराव, थांब!"

"सोमाजी, म्हातारपणी कंजूस झाला का बे?" असं म्हणत त्यानं पन्नी उघडली. न बघताच चिमूट तोंडात टाकली आणि दोनदा चावली. "सुपारी नरम लागून राहिली. कोणत्या ठेल्यावरची आहे?"

"सुपारी नाही ते. गुल्लूची आहे."

मारोतरावानं सकाळपासून तोंडात धरलेला खर्रा आणि ही नवी भर, सगळं एकदम पांढऱ्या फरशीवर आलं. मग तो ओरडला. त्या ओरडण्यानं घाबरून गुल्लू खाटेखाली उडाला, तो सरळ घमेल्यात. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. (मारोतराव तोंड पुसत.) गुल्लूनं कान मागे टाकले, तणसाची काडी तोंडात घेतली, चेहरा गंभीर केला आणि कोंड्यात टपटप आपलं काम केलं.

रत्नमालानं घमेल्याकडे पाहिलं. मग फरशीवरच्या लाल डागाकडे पाहिलं. मग माझ्या लाल तोंडाकडे.

"याचं झाडूनं निघते," ती म्हणाली. "तुमचं कायनं निघते?"

मारोतराव चहा न घेता गेला. टोपली पुन्हा खुंटीवर गेली. मी मिशीतल्या मिशीत हसलो. जिंकलो असंच वाटलं.

संध्याकाळी ती रुचिकाशी फोनवर खूप वेळ बोलली. "जिथं जाते तिथंच ठेवाचं ना? अन् रागवाचं नाही? बरं." मला वाटलं, गुल्लूची चौकशी चालली आहे.

दुसऱ्या दिवशी उठलो तर माझ्या खाटेच्या उशाशी, बरोबर मी पिचकारी मारतो त्या कोपऱ्यात, दुसरं घमेलं. आत धानाचा कोंडा. वर माझी खर्‍याची पुडी. आणि मला ओळख पटावी म्हणून अंगणातून खरवडून आणलेला माझाच एक जुना थुंका.

मी तीन दिवस त्या घमेल्याकडे बघितलं नाही. माणसाला काही मान आहे की नाही? चौथ्या दिवशी तोंड भरून अंगणाकडे निघालो, तर स्वयंपाकघरातून शीळ आली. तीच, बांधीतली, हळू आणि लांब.

सांगायला लाज वाटते, पण माझे पाय आपोआप घमेल्याकडे वळले.